साब विगेन या स्वीडिश लष्करी जेट विमानाचं १/४८ मॉडेल करतोय. अचूक रंग आणि आवृत्तीचे संदर्भ कुठे शोधावेत?

लिंकोपिंगजवळच्या माल्मेन इथल्या स्वीडिश हवाई दल संग्रहालयाचा ऑनलाइन छायाचित्रसंग्रह आधी पाहा, कारण तिथे विमानं सेवेत असतानाचे फोटो मिळतात. शोध इंग्रजीत न घेता स्वीडिशमध्ये घ्या. विमानाला तिथे 'फ्लीगप्लान' म्हणतात आणि विगेनचा अधिकृत क्रमांक ३७ आहे, एवढ्यावरही बरंच हाती लागतं. पण रंगाआधी आवृत्ती पक्की करा, किट बहुतेकदा तिथेच चुकतं. हल्ल्यासाठीचं एजे ३७ आणि लढाऊ जेए ३७ वरवर सारखी दिसतात, पण जेएचं शेपटीचं उभं पंख जास्त उंच आहे आणि पंखाखाली एलेव्हॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) हलवणाऱ्या यंत्रणेचे फुगवटे प्रत्येक बाजूला तीनऐवजी चार आहेत. हे फुगवटे मोजणं हीच मला सर्वांत भरवशाची खूण वाटते. नाकाजवळचा आकडा हवाई दलाच्या तुकडीचा (उदा. ७ म्हणजे सोतेनेस तळावरची तुकडी), शेपटीवरचा त्या विमानाचा. दोन हिरवे, एक तपकिरी आणि एक जवळपास काळा अशा टोकदार तुकड्यांच्या रंगसंगतीचे पट्टे एकाच विमानाच्या दोन्ही बाजूंच्या फोटोंवरून जुळवा. मास्किंग करताना (रंग नको तो भाग झाकताना) प्रत्येक कोपरा महत्त्वाचा असतो. मात्र रंगाची छटा जुन्या फिल्मवरून ठरवू नका, ती उडालेली असते. फोटोचं वर्षही बघा: नंतरची अनेक जेए विमानं करड्या रंगाची होती.