गावाकडे स्वमग्न मुले नसतात का?

प्रश्न : मी मुरबाड तालुक्यातील एका अंगणवाडीत सेविका आहे. माझी बहीण ऐरोलीला राहते आणि तिच्या सोसायटीत स्वमग्नतेची (ऑटिझमची) दोन मुले आहेत. माझ्या पटावरच्या तीस मुलांत असे निदान झालेले एकही नाही. हा शहरी राहणीचा आणि मोबाइलचा परिणाम आहे का?

उत्तर : ताई, मोबाइलमुळे किंवा आईच्या दुर्लक्षामुळे स्वमग्नता होत नाही. मेंदूच्या जडणघडणीतला हा फरक बहुतेकदा जन्मापूर्वीच सुरू झालेला असतो आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. हिमाचल, हरियाणा, ओडिशा, गोवा आणि हैदराबाद येथील डोंगराळ, ग्रामीण, आदिवासी आणि शहरी वस्त्यांतल्या दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांच्या तपासणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा स्वमग्नतेचे प्रमाण साधारण शंभरात एक आढळले. हिमाचलमधल्याच दुसऱ्या एका पाहणीत मात्र ते हजारात दोनहूनही कमी भरले. एवढी तफावत मुलांमुळे नव्हे, तर मुख्यतः तपासणीच्या पद्धतीमुळे पडते, असे मला वाटते. कारण पहिल्या चाळणीतून निसटलेले मूल पुढे मोजलेच जात नाही.

शंभरात एक हे प्रमाण धरले, तरी तीस मुलांच्या पटावर एकही स्वमग्न मूल नसणे अगदी शक्य आहे. पण तुमच्या बीटमधल्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेच्या हाताखालच्या, सगळ्या अंगणवाड्यांत मिळून एकही नोंद नसेल, तर ती मुले आपल्या नजरेतून सुटली आहेत असेच मी म्हणेन. हाक मारल्यावर वळून न पाहणारे, पाणी हवे असताना बोट न दाखवता तुमचा हात धरून माठाकडे ओढत नेणारे, डब्याचे झाकण तासन्‌तास गरगर फिरवत बसणारे मूल गावात ‘मुके’ किंवा ‘हट्टी’ म्हणून ओळखले जाते, आणि ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता’ या एका वाक्यावर त्याची मोलाची दोन-तीन वर्षे निघून जातात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तो पालघरहून, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यातून. मुलांची तपासणी करणारे त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणे अपेक्षित असते. ज्या मुलाबद्दल शंका वाटते, ते त्या दिवशी घरी राहणार नाही याची काळजी घ्या. अशी मुले गर्दीला बुजतात म्हणून नेमकी त्याच दिवशी गैरहजर असतात. पथकातील डॉक्टरांना तुम्ही रोज जे पाहता ते तपशिलाने सांगा, कारण दहा मिनिटांच्या तपासणीत ते दिसेलच असे नाही. मुलाची श्रवणतपासणीही करून घ्या आणि जिल्हा पातळीवरील डीईआयसी केंद्रासाठी (मुलांवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या केंद्रासाठी) चिठ्ठी मागा. निदान पक्के होईपर्यंत थांबू नका. समोर बसून खेळणे, हावभावांनी बोलणे, खुणांना प्रतिसाद देणे हे घरच्यांना आजपासूनच सुरू करता येते.