होनिंग न करता नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर चालतं का?

तुम्ही विचारलंय की जुनी मोटारसायकल निळा धूर मारते, ब्लॉक उतरवलाच आहे, तर होनिंग करावं की नुसत्या रिंगा बदलाव्यात, आणि घरी ड्रिलला लावायला कितीचा दगड घ्यावा. होनिंग, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत फिरत्या दगडानं घासून बारीक रेघा पाडणं, ते कराच. चकचकीत झालेल्या भिंतीवर नवी रिंग बसत नाही. तिला घासून जागा करून घ्यायला बारीक रेघा लागतात आणि त्या रेघांतच तेल टिकतं. साध्या ओतीव लोखंडाच्या रिंगांना २२० ते २८० ग्रिटचा, म्हणजे तेवढ्या बारीक दाण्याचा दगड घ्या. एवढं कुणीही सांगेल. होनिंगनंतर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, कशानं धुवायचा हे मात्र कुणी विचारत नाही, आणि इंजिनाचं वाटोळं तिथंच होतं.

सोलापूरला अक्कलकोट रोडवर माझ्या चुलतभावाचं, दादाचं, गॅरेज होतं. मी काम तिथंच शिकलो. २०११ च्या उन्हाळ्यात मोहोळकडच्या मामांचं विहिरीवरचं पाच एचपीचं डिझेल इंजिन आमच्याकडं आलं. ऊस उभा, वीज रात्रीची आणि तीही भरवशाची नाही, त्यामुळं मामांना इंजिन दोन दिवसांत हवं होतं. होनिंगला दादाचा हात फार चांगला. ड्रिल सावकाश, हात वरखाली झपझप, रेघा एकमेकींना ४५ ते ६० अंशांत कापलेल्या. दगड फिरत असताना त्यानं कधी बाहेर ओढला नाही. मी आजही तसंच करतो. मग त्यानं ब्लॉक डिझेलनं धुतला, हवा मारली आणि पिस्टन घातला.

तीन आठवड्यांत मामांचा फोन आला. तेल खातंय, धूर आधीपेक्षा जास्त. खोललं तर बोअरला बारीक उभे ओरखडे, रिंगा राखाडी पडलेल्या, आणि वरच्या रिंगेच्या दोन टोकांमधली फट बसवताना ०.३० मिलिमीटर होती ती ०.७० च्या वर गेलेली. धूळ अडवणारा तेलाचा एअर फिल्टर मी स्वतः पाहिला, त्यातलं तेल बरोबर होतं. दादा म्हणाला, "रिंगाच डुप्लिकेट निघाल्या बघ."

मला ते पटलं नाही. पुन्हा होनिंग झाल्यावर मी ब्लॉक घरी नेला. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, तरी आईनं दोन बादल्या तापवून दिल्या. कपड्याची पावडर टाकून नायलॉनच्या ब्रशनं बोअर घासला. मग वडिलांच्या जुन्या धोतराचा पांढरा तुकडा तेलात बुडवून आतून फिरवला, तर तो काळपट राखाडी आला. हा ब्लॉक आधी डिझेलनं धुऊन, हवा मारूनच आणला होता. तीनदा धुतल्यावर चौथ्या वेळी कापड पांढरं राहिलं. दगडाची पूड रेघांत रुतून बसते. डिझेल, पेट्रोल, रॉकेल यांत तेलकटपणा विरघळतो, पण पूड तिथंच राहते. गरम साबणाचं पाणी ती उचलून बाहेर काढतं. ती पूड राहिली तर पिस्टन खालीवर होताना रिंगा तिच्यावर घासत राहतात, म्हणजे आपणच आत पॉलिश पेपर ठेवल्यासारखं होतं. धुतल्यावर लगेच पुसून तेल लावा, कारण उघड्या बिडाला काही मिनिटांत तांबूस गंज धरतो.

ते इंजिन त्यानंतर सात वर्षं चाललं. मामांनी विकलं तेव्हाही धूर नव्हता.

आता तुमच्या गाडीचं. दगड लावण्याआधी बोअर मोजा, हे खरं तर मी आधीच सांगायला हवं होतं. बोअर गेज नसेल तर एक रिंग बोअरमध्ये पिस्टननं ढकलून सरळ बसवा आणि फिलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, फट मोजा, एकदा वर, जिथं वरची रिंग थांबते तिथं, आणि एकदा अगदी खाली. दोन फटींतल्या फरकाला ३.१४ नं भागलं की बोअर वर किती मोठा झालाय ते कळतं. झीज वरतीच जास्त असते, कारण दाब तिथं सगळ्यात जास्त आणि तेल सगळ्यात कमी. मॅन्युअलच्या हद्दीबाहेर आकडा गेला तर होनिंगनं काही होणार नाही, बोअर कापून मोठा करून ओव्हरसाईज, म्हणजे मोठ्या मापाचा, पिस्टनच टाकावा लागेल. आणि काही गाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या बोअरला आतून निकेलचा कठीण लेप असतो. त्याला साधा दगड अजिबात लावू नका. तुमच्या गाडीला बिडाची स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, आहे का ते पाहून घ्या.

दादा अजूनही डिझेलनंच धुतो आणि त्या रिंगा डुप्लिकेट होत्या असंच सांगतो. दुसऱ्यांदा टाकलेल्या, सात वर्षं चाललेल्या रिंगा मी त्याच दुकानातून, त्याच कंपनीच्या आणल्या होत्या. दोन्ही पाकिटं माझ्याकडं आहेत.