कमरेच्या फ्यूजननंतर फिजिओथेरपी कधी सुरू करायची? आईला तीन महिने झोपवून ठेवायचं का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ५८, एल४-एल५ चं फ्यूजन, म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका एकमेकांना जुळवण्याचं ऑपरेशन, पुढच्या महिन्यात ठरलंय. सर्जन म्हणतात दुसऱ्या दिवशी चालवू आणि नातेवाईक म्हणतात तीन महिने पलंगावरून उतरू देऊ नका. घर भांडुपला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईंची नोकरी सीएसएमटीजवळ. मी मुंबईत फिजिओथेरपिस्ट आहे, अशा पेशंटच्या घरी जाणं हे रोजचंच काम. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सर्जनचं ऐका. आडवं पडून राहिलं की पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, छातीत कफ साठतो, पोट साफ होत नाही आणि मांड्या बघता बघता गळतात. नातेवाईकांच्या डोक्यात जुना काळ आहे, तेव्हा स्क्रू नव्हते आणि पेशंटला खरोखरच महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये निजवायचे. आता मणक्यात स्क्रू आणि सळ्या बसवतात, दोन मणक्यांच्या मध्ये बहुतेकदा एक केज, म्हणजे आधाराचा छोटा पिंजरा, ठेवतात आणि हाडाचा चुरा भरतात. पण एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना नीट समजावून सांगा: ऑपरेशन म्हणजे फ्यूजन झालं असं नाही. ऑपरेशनमध्ये फक्त सेंटरिंग लावून स्लॅब ओतलेला असतो. स्क्रू म्हणजे ते सेंटरिंग. खरा स्लॅब, म्हणजे हाड, धरायला तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागतं. हाड धरलंच नाही तर उशिरा का होईना स्क्रू सैल होतात किंवा तुटतात. म्हणून पेशंटला बरं वाटणं आणि हाड जुळणं ही दोन वेगळी घड्याळं आहेत. पायातली कळ बऱ्याचदा पहिल्याच आठवड्यात जाते, पेशंट खूश होतो, आणि नेमका तेव्हाच तो पाण्याची बादली उचलतो.

तर पहिल्या सहा आठवड्यांची फिजिओथेरपी म्हणजे मुख्यतः चालणं. ऐकायला किरकोळ वाटतं, आणि घरी येणाऱ्या फिजिओने नुसतं चालायला सांगितलं तर लोकांना फी वाया गेल्यासारखी वाटते, हे मला ठाऊक आहे. पण दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी थोडंसं, घरात किंवा मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, आणि दर आठवड्याला हळूहळू वाढवत, याहून चांगला व्यायाम या काळात नाही. जोडीला पलंगावर पावलं वर-खाली करणं, खोल श्वास, पोट हलकंच आत घेऊन श्वास न रोखता धरणं. बास. सलग बसणं मात्र वीस-तीस मिनिटांच्या वर नको. पुढे झुकून बसल्यावर कमरेवर उभं राहण्यापेक्षा जास्त भार येतो, त्यामुळे मालिका बघायची तर मध्ये उठून एक फेरी मारायची.

फिजिओकडून याच काळात शिकायचं ते उठणं-बसणं. कुशीवर वळताना खांदे आणि कंबर एकत्र वळले पाहिजेत, मग पाय पलंगाखाली सोडत हाताच्या जोरावर उठायचं. हे ऑपरेशनच्या आधीच शिकून ठेवा, दुखत असताना नवीन काही डोक्यात शिरत नाही.

घराची तयारीही आत्ताच करा. गादी जमिनीवर असेल तर पलंग लागेल, गुडघ्याहून थोडा उंच. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, भाड्यानेही मिळते. रोज लागणारी भांडी आणि डबे कमरेच्या उंचीवर हलवा. मांडी घालून जेवणं, खाली बसून देवपूजा, केरसुणी, फरशी पुसणं हे सगळं निदान तीन महिने बंद. वाकणं, पीळ देणं आणि वजन उचलणं या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की सर्वात वाईट, आणि बादलीतून कपडे काढून वाळत घालणं म्हणजे नेमकं तेच. दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही. भरलेली बादली पंधरा किलोच्या पुढे जाते आणि भरलेला पाच लिटरचा कुकरही या हिशेबात बसत नाही. नातवंडं असतील तर त्यांनी आजीजवळ यायचं, आजीने उचलायचं नाही.

तीन मजल्यांना घाबरू नका. हॉस्पिटलमधून सोडण्यापूर्वी जिना चढून दाखवायला सांगा, तो डिस्चार्जचा भागच असायला हवा. कठड्याला धरून, चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, प्रत्येक मजल्यावर थांबत. मात्र सुरुवातीचे दोन-तीन आठवडे उगाच खाली-वर नको. पावसाळा असेल तर ओल्या जिन्यावर अजिबात नको, पडणं हा या सगळ्या काळातला सर्वात मोठा शत्रू.

आता कसरतीचा खरा व्यायाम. डेन्मार्कमध्ये फ्यूजन झालेल्या पेशंटवर एक चाचणी झाली, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला सहा आठवड्यांनी आणि दुसऱ्याला बारा आठवड्यांनी व्यायामाचा कार्यक्रम सुरू केला. बारा आठवड्यांनी सुरू केलेल्यांचे निकाल चांगले आले. एका चाचणीवर सगळं ठरत नाही, आणि सर्जन स्क्रूची पकड व हाडाचा दर्जा बघून वेळ ठरवतो, पण ‘जितकं लवकर तितकं चांगलं’ हे इथे चालत नाही एवढं नक्की. एक्स-रे बघून सर्जनने हिरवा कंदील दाखवला की पोटाचे आतले स्नायू, कुल्ले आणि मांड्या यांच्यावर काम सुरू होतं. कुल्ल्यांवर मी सर्वात जास्त वेळ घालवते. जुळलेले मणके आता वाकणार नाहीत, ते वाकणं खुब्यातून शिकावं लागतं. पाठीला उभी काठी लावून, ती डोकं, पाठ आणि माकडहाडाला टेकलेली ठेवून खुब्यातून पुढे झुकायचं. हे जमलं नाही तर जुळलेल्या मणक्यांच्या वरच्या सांध्यावर ताण जातो आणि काही वर्षांनी तो कुरकुरतो. व्हिडिओ बघून भुजंगासन, पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कार सुरू करू नका. मालीशवाला किंवा हाडवैद्य तर दारातूनच परत पाठवा.

तंबाखूबद्दल स्पष्ट विचारते: आई मिश्री लावतात का? पुष्कळ बायका डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण ते त्यांना व्यसन वाटतच नाही. तंबाखूतल्या निकोटीनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी बंद आणि नंतरही बंद. साखर असेल तर ताब्यात हवी. डायक्लो, ब्रुफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका, सुरुवातीला काही सर्जन त्या टाळतात.

नोकरीचं: बैठं काम असेल तर दीड ते तीन महिन्यांत अर्धा दिवस सुरू होऊ शकतं, पण भांडुपहून सकाळची लोकल ही ऑफिसपेक्षा कठीण परीक्षा आहे. चढतानाचा धक्का, फलाट आणि डब्यातली फट, आणि चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायची जागा! चौथ्या सीटवर माणूस अर्धा बसतो आणि पूर्ण पिळतो, त्यापेक्षा दांडी धरून उभं राहिलेलं बरं. तीन महिन्यांनी गर्दी टाळून, आधी कुणाला तरी सोबत घेऊन जाऊन बघा. रिक्षाने खड्ड्यांतून जाणं त्याआधीही टाळाच.

ताप, जखमेतून स्राव, पायाची नवीन अशक्तता, लघवी अडणं किंवा न कळत होणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, यातलं काहीही झालं तर फिजिओची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. पायाचा जुना बधिरपणा मात्र संथपणे जातो, नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर भरून येते, त्यासाठी घाबरून फोन करू नका.

घरी फिजिओ परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन या पालिकेच्या हॉस्पिटलांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत, हाजीअलीलाही केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तिथे जायचं ते पहिल्या सहा आठवड्यांनंतर, आणि नेताना ऑपरेशनचे कागद व ताजा एक्स-रे बरोबर ठेवा. सर्जनला एवढं विचारून घ्या: किती लेव्हल (मणक्यांच्या किती जोड्या) जुळवणार, हाड ठिसूळ आहे का, कमरेचा पट्टा लावायचा का आणि किती दिवस. पट्ट्याबाबत प्रत्येक सर्जनचं मत वेगळं असतं, तुमचे सर्जन सांगतील तेच धरा. बाकी प्रश्न असतील तर खाली विचारा, रात्री उशिरा उत्तर देते.