इंग्रजीतले विरुद्धार्थी शब्द पाठ करूनही परीक्षेत का चुकतात?

केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या एसएससी सीजीएल या परीक्षेसाठी विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या पाठ केल्या, तरी सराव पेपरात तेच प्रश्न चुकतात, असं तुम्ही विचारलंय. मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि ही अडचण मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकू येते. माझ्या मते दोष तुमच्या पाठांतराचा नाही, यादीचा आहे. विरुद्धार्थी शब्द असतो तो अर्थाला. ओल्ड माणसाच्या उलट यंग, ओल्ड घराच्या उलट न्यू. बॅग लाइट असेल तर उलट हेवी, रंग लाइट असेल तर डार्क. यादीत मात्र प्रत्येकापुढे एकच शब्द छापलेला असतो.

सगळ्यात जास्त गुण जातात ते 'इन'पायी. इनकरेक्ट, इनव्हिजिबल यांत 'इन' म्हणजे नाही, म्हणून मुलं तोच नियम सगळीकडे लावतात. हायवेवर पेट्रोलच्या टँकरमागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. तिथला 'इन' नकाराचा नाहीच. मूळ लॅटिन क्रियापद 'इन्फ्लामारे', म्हणजे पेटवणे. त्यामुळे फ्लेमेबल काय आणि इन्फ्लेमेबल काय, दोन्ही ज्वालाग्राहीच. उलट शब्द नॉनफ्लेमेबल. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920 च्या दशकात फ्लेमेबल हाच शब्द वापरण्याचा आग्रह धरला. इनहॅबिटेबलही असाच फसवतो. त्याचा अर्थ राहण्याजोगं, आणि उलट अनइनहॅबिटेबल.

'इनव्हॅल्युएबल'मध्ये 'इन' नकाराचाच आहे, तरी अर्थ कवडीमोल असा होत नाही. इथे आपला 'अमूल्य' आठवा. अमूल्य म्हणजे ज्याचं मोलच करता येत नाही असं. इनव्हॅल्युएबलची घडण अगदी तशीच आहे. त्याच्या उलट वर्थलेस. इन्फेमस म्हणजे कुप्रसिद्ध, इनडिफरंट म्हणजे उदासीन, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मी वर्गात खास वेळ देते तो 'सँक्शन'ला. लोन सँक्शन झालं की आपण पेढे वाटतो, आणि एखाद्या देशावर सँक्शन्स लादले की त्याचा व्यापार अडतो. एकाच शब्दात मंजुरीही आणि निर्बंधही! वाक्य न बघता याचा विरुद्धार्थी शब्द सांगताच येणार नाही.

म्हणून वहीत नुसत्या जोड्या लिहू नका. आधी पूर्ण इंग्रजी वाक्य लिहा, त्या वाक्यापुरता मराठी अर्थ लिहा आणि मग उलट शब्द त्याच जागी ठेवून मोठ्याने वाचा. 'हर ॲडव्हाइस वॉज इनव्हॅल्युएबल' यात वर्थलेस चपखल बसतो. वर्थ घातला तर वाक्यच मोडतं. यातूनच पर्याय गाळण्याची सवय लागते, कारण विचारलेलं विशेषण असेल तर उत्तरही विशेषणच असणार. डिक्शनरी घ्यायचीच असेल तर शिकणाऱ्यांसाठी केलेली लर्नर्स डिक्शनरी घ्या. तिच्यात बऱ्याच ठिकाणी उलट शब्द त्या त्या अर्थापाशीच दिलेला असतो. आणि टियर वनला, म्हणजे परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात, चुकलेल्या उत्तराचे 0.50 गुण वजा होतात, तेव्हा अर्थ माहीत नसताना नुसता 'इन' किंवा 'अन' बघून पर्याय ठोकू नका.