सगळं कॉम्प्युटरच करतो, मग मोठा पडदा कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आवडत्या ॲक्शनपटाचा दुसरा भाग आलाय, आयमॅक्सचं, म्हणजे भल्यामोठ्या पडद्याचं, तिकीट साध्यापेक्षा बरंच महाग आहे आणि मित्र म्हणतोय, "सगळं सीजीआयच (कॉम्प्युटरवर बनवलेली दृश्यं) तर असतं, थांब दोन महिने, घरी बघ." तर जावं का, गेल्यास कुठे बसावं, आणि पहिला भाग न बघता चालेल का?

जा. मधोमध बसा, पडद्यापासून दोन तृतीयांश मागे. झालं उत्तर. आता तुमच्या मित्राकडे वळते, कारण हे "सगळं सीजीआयच तर असतं" मी घरात सात वर्षं ऐकलंय. थोरल्या भावाच्या तोंडून.

मी रोटो-पेंटचं काम करायचे, म्हणजे चित्रातली माणसं-वस्तू कडेने आखून सुटी करायची आणि नको ते पुसायचं. एका मोठ्या सीक्वेलचे शॉट आमच्याकडे आले होते. नाव लिहीत नाही, सही केलेले कागद अजून लक्षात आहेत. माझ्या वाट्याला आलेल्यांपैकी एक शॉट ९६ फ्रेमचा, म्हणजे नेमके चार सेकंद. नायिकेची स्टंट डबल (धोक्याच्या प्रसंगात तिच्या जागी येणारी बाई) ट्रकच्या टपावरून उडी मारते. पाठीला दोन तारा, मागे विटांची भिंत, मध्ये खराखुरा धूर आणि केस मोकळे. (उडी मारायच्या प्रसंगात केस मोकळे ठेवायची कल्पना ज्याची होती, त्याने एकदा तरी रोटो करून बघावं.) भिंतीपुढे नंतर आग यायची होती. ती दुसऱ्या टीमची. पण आग केसांच्या मागून दिसायची तर आधी केस भिंतीपासून सुटे करायला हवेत, आणि ज्याच्यापुढचं माणूस कॉम्प्युटर सहज सुटं करतो तो हिरवा पडदा मागे लावलेलाच नव्हता.

मग पेन घ्यायचं आणि बट न् बट काढायची. प्रत्येक बटेला आपला आकार, त्या आकारावर बिंदू. आता यात कॉम्प्युटर काय करतो ते सांगते, कारण दादाचा सगळा मुद्दा तोच आहे. आमची फ्रेमची मोजणी १००१ पासून सुरू होते. मी १००१ ला आकार काढला, १००९ ला काढला, की मधल्या सात फ्रेममध्ये तो आकार कॉम्प्युटर आपल्या अंदाजाने सरकवतो. केस त्याच्या अंदाजाने उडत नाहीत. तेव्हा ते सातही परत आपणच बसवायचे. तारा "पुसायच्या" म्हणजे तारेखाली जी वीट झाकली गेलीय ती मागच्यापुढच्या फ्रेममधून उचलून आणायची, कॅमेऱ्याच्या हलण्याबरोबर हलवायची, तिला शेजारच्या विटांसारखाच ग्रेन (चित्रातला बारीक रवाळपणा) द्यायचा, आणि वरून धूर जात असेल तर त्यावर पुन्हा धूर. चार सेकंदांना अकरा दिवस लागले.

आणि तरी १०७१ ते १०७४ या फ्रेममध्ये उजव्या कानामागची एक बट थरथरत राहिली. किनार दोन पिक्सेल आत, दोन बाहेर. मी एक दिवस वाढवून मागितला. लीड, म्हणजे आमच्या टीमचा प्रमुख, म्हणाला, "चार फ्रेम आहेत, कुणाला दिसतायत?" शॉट गेला. पासही झाला.

सिनेमा लागला तेव्हा दादा म्हणाला, कशाला उगाच खर्च, नंतर मोबाइलवर बघू, तसंही कॉम्प्युटरनेच केलेलं असतं. मी दोघांची तिकिटं काढली आणि त्याला जवळजवळ ओढत नेलं.

लोकांना माहीत नसतं, पण आम्हाला सिनेमा दाखवत नाहीत, शॉट दाखवतात. माझी उडी कथेत कुठे येते ते मलाच ठाऊक नव्हतं. (म्हणून पहिला भाग न बघता चालेल का, हे मला विचारू नका, मी तर ९६ फ्रेम बघून गेले होते.) त्यामुळे पडद्यावर ट्रक दिसला की मी खुर्चीच्या कडेला. आणि त्या सिनेमात ट्रकांना तोटा नव्हता. तासाभराने कधीतरी ती भिंत दिसली. त्या भिंतीतली वीट न् वीट माझ्या ओळखीची. उडी. केस. आणि कानामागची ती बट थरथरली. एका सेकंदाचा सहावा हिस्सा.

मी दादाला कोपराने ढोसलं. "आला!"

"काय?"

"माझा शॉट!"

तोवर पुढचे दोन शॉट होऊन गेले होते.

"तो स्फोट तू केलास?"

"नाही."

"मग ट्रक?"

"नाही रे. केस."

"अगं, केस तिचेच होते ना?"

मागच्या रांगेतून कुणीतरी शूऽऽ केलं म्हणून, नाहीतर आमचं तिथेच वाजलं असतं.

शेवटी नावांची पट्टी संपेपर्यंत मी त्याला उठू दिलं नाही. हजारभर तरी नावं गेली. आमच्या स्टुडिओचं फक्त नाव आलं, माणसांची नाहीत. दादा काही बोलला नाही, ही त्याची मोठीच मेहेरबानी. "काम दिसलं नाही हीच खरी पावती" असं या धंद्यात फार म्हणतात. म्हणणारे बहुधा तेच, ज्यांची नावं पट्टीत येतात.

आता मित्राला द्यायला हिशेब. आम्ही टू-केमध्ये काम करत होतो, म्हणजे चित्राची रुंदी २०४८ पिक्सेल. पडदा २० मीटर रुंद धरला तर त्यातला एकेक पिक्सेल जवळजवळ एक सेंटिमीटरचा होतो. माझी दोन पिक्सेलची चूक तिथे दोन सेंटिमीटरची झाली होती. तेच चित्र मोबाइलच्या १४ सेंटिमीटरमध्ये बसवलं की पिक्सेल उरतो ०.०७ मिलिमीटर, साधारण केसाच्या जाडीचा. म्हणजे मोबाइलवर लीडचं बरोबर आणि मोठ्या पडद्यावर माझं. घरच्या टीव्हीवर आम्ही दोघं भांडत बसू. चूकच कशाला, विटेचा खडबडीतपणा, धुराचे पदर, डबलच्या बुटाला लागलेली माती, हे सगळं असंच पिक्सेलांत असतं. लहान पडद्यावर कथा पोचते, काम पोचत नाही. आणि सीक्वेलमध्ये कथा पहिल्या भागाचीच असेल, तर काम सोडून बघायला राहतं काय?

आणि "सगळं" सीजीआय? १९९१ चा "टर्मिनेटर २" घ्या. वितळणाऱ्या धातूच्या माणसासाठी तो आजही सांगितला जातो, पण सव्वादोन तासांच्या सिनेमात कॉम्प्युटरवर केलेला तो माणूस जेमतेम पाच मिनिटं आहे. बाकी बाहुल्या, मेकअप आणि खऱ्या गाड्या. २००८ च्या "द डार्क नाइट"मध्ये, तोही दुसराच भाग, भलामोठा ट्रक शिकागोच्या रस्त्यावर खरोखर उलटवलाय. त्यातले काही प्रसंग आयमॅक्स कॅमेऱ्यावर घेतले होते. त्या कॅमेऱ्यात ६५ मिलिमीटरची फिल्म आडवी धावते आणि एका फ्रेमला फिल्मच्या कडेच्या पंधरा छिद्रांएवढी जागा लागते. एवढं ओझं माणसं क्रेनवर चढवतात ते तुम्ही आडवे पडून मोबाइलवर बघावं म्हणून नाही.

बसण्याबद्दल विचारलंत म्हणून: सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. २० मीटरच्या पडद्यावर एखादी गाडी अर्ध्या सेकंदात या टोकाची त्या टोकाला गेली, तर ती प्रत्येक फ्रेमला दीड मीटरहून लांब उडी मारते. पुढच्या रांगेत त्या उड्या मोजता येतात, आणि डोकं धरून घरी यावं लागतं. मागे बसलं की डोळा त्या जोडून घेतो. फार मागेही जाऊ नका, मग टीव्हीच झाला.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. आयमॅक्सची पाटी सगळीकडे सारखी नसते. मूळचा पडदा १.४३ : १ चा (रुंदी : उंची), म्हणजे बराच उंच. बऱ्याच ठिकाणी तो १.९० : १ चा असतो. सिनेमाच जर लांबट २.३९ चा असेल तर वरखाली काळे पट्टे येणारच, त्यावरून तिथल्या माणसांशी भांडू नका. लेझर प्रोजेक्टर असेल तिथे जा. थ्रीडी शक्यतो टाळा, चष्म्यात आणि यंत्रणेत निम्म्याहून जास्त उजेड जातो आणि रात्रीच्या मारामारीत कोण कुणाला मारतंय ते कळत नाही. २०२२ च्या "अवतार"च्या दुसऱ्या भागासारखा थ्रीडीसाठीच घडवलेला सिनेमा असेल तर गोष्ट वेगळी. आणि ज्या सिनेमात दर सेकंदाला कट आहे त्याला मोठा पडदा वाया जातो. डोळा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पोचेपर्यंत शॉट बदललेला असतो.

दादाच्या बाजूने एक कबूल करते. साधं रोटो आता यंत्र बऱ्यापैकी करतं. मोकळे केस आणि धूर मात्र अजून माणसाकडे परत येतात, निदान मी काम सोडेपर्यंत येत होते.

काही महिन्यांनी तो सिनेमा घरी बघण्यासाठी आला. रात्री अकराला दादाचा फोन. "सापडला बघ तुझा शॉट. थांबवून थांबवून बघतोय. काहीही थरथरत नाहीये."

"१०७१ ला थांबव."

"आकडा कुठे दिसतो?"

दिसत नाहीच. मी त्याला आकडे मोजायला लावले, ट्रक वळला की एक, दोन, तीनच्या जरा आधी थांबव. तो एकदा आधी थांबायचा, एकदा नंतर. बाराला वहिनीने फोन काढून घेतला.