वाचकांचे प्रश्न : एबीएस आहे, मग अंतर कशाला?

प्रश्न : नव्या गाडीत एबीएस आणि ईएससी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) दोन्ही आहे. पावसातही गाडी घसरत नाही, म्हणून मुलगा पुढच्या गाडीला चिकटून चालवतो. चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अजिबात नाही. एबीएस ब्रेक लावल्यावर चाक लॉक (जाम) होऊ देत नाही, त्यामुळे जोरात ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते. टायरची रस्त्यावरची पकड मात्र त्याने वाढत नाही. हिशेब बघा. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पुढचे लाल दिवे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर २२ मीटर तिथेच संपले. त्यानंतर ओल्या डांबरावर, चांगल्या टायरवरही, थांबायला साधारण ५० मीटर लागतात. पहिल्या २२ मीटरांत एबीएस काहीच करत नाही. सुट्या खडीवर तर एबीएसमुळे थांबायला जास्त अंतर लागू शकतं, कारण लॉक झालेल्या चाकापुढे खडीचा ढीग साचून गाडी अडते. फिरत्या चाकापुढे तो साचत नाही.

यंत्रणेच्या भरवशावर बेफिकीर चालवण्याची ही सवय नवी नाही. १९८०च्या दशकात म्युनिकमध्ये एबीएस असलेल्या आणि नसलेल्या टॅक्सींची तुलना झाली. एबीएसवाल्यांचे अपघात कमी झालेले दिसले नाहीत. उलट ते चालक जास्त बेदरकार चालवताना आढळले.

मुलाला अंतर सेकंदात मोजायला शिकवा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मोजायला सुरुवात करा. आपण तिथे तीन सेकंदांच्या आत पोहोचता कामा नये, पावसात चार. शिवाय मोकळ्या मैदानात ताशी ४० वर एकदा पूर्ण ब्रेक दाबून दाखवा. पेडल पायाखाली थडथडतं, आवाज येतो आणि घाबरून पाय उचलला जातो. तो उचलायचा नाही, ब्रेक पंपही (दाब-सोड) करायचा नाही.

प्रश्न : द्रुतगती मार्गावर अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझमध्ये (पुढच्या गाडीनुसार वेग आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा) अंतर जास्त ठेवलं की मध्ये गाड्या घुसतात. म्हणून सर्वांत कमी ठेवतो. योग्य आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : घुसू द्या. एक गाडी घुसली तर आपले दोन-तीन सेकंद जातात, बस्स. अंतर सर्वांत जास्तच ठेवा. वेगात असताना अनेक गाड्यांचा रडार उभ्या वस्तूंकडे दुर्लक्ष करतो. नाहीतर प्रत्येक फलकापाशी ब्रेक लागेल. त्यामुळे पुढची गाडी अचानक लेन बदलते आणि तिच्यापुढे बंद पडलेला ट्रक असतो, तेव्हा यंत्रणा उशिरा जागी होऊ शकते किंवा होतच नाही. आडव्या येणाऱ्या दुचाकीचंही तसंच. पाय ब्रेकजवळच हवा, मांडी घालून बसू नका. घाट उतरताना आणि मुसळधार पावसात क्रूझ बंद करा. घाटात खालचा गिअर घ्या, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा एल (लो गिअर); नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून पकड सोडतात.

प्रश्न : रिव्हर्स कॅमेरा असताना मागे वळून बघायची गरज आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे. रुंद कोनाच्या लेन्समुळे वस्तू आहे त्यापेक्षा लांब दिसते, आणि सेन्सरला बारीक खांब, बुटका दगड किंवा उघडं गटार सुटू शकतं. गाडीत बसण्याआधी मागे एक फेरी मारा, लेन्स पुसा, मग दोन्ही आरसे, खांद्यावरून नजर आणि शेवटी स्क्रीन.