‘सगळं तुझंच’ म्हणतात, पण मेस्त्री अप्पांनाच विचारतो

तुझं पत्र: ‘मूडिगेरे तालुक्यात आमची 11 एकर कॉफी आहे, 7 एकर अरेबिका आणि 4 एकर रोबस्टा. आई बेळगावची, म्हणून घरात मराठी. अप्पांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर मी बेंगळुरूची नोकरी सोडून आले. ते म्हणतात, आता सगळं तुझंच. पण मेस्त्री, म्हणजे मजुरांचा मुकादम, त्यांनाच विचारतो, पासबुकही त्यांच्याकडेच. अरेबिका बोररने, म्हणजे खोडकिड्याने, पोखरली आहे. ती काढून सगळीकडे रोबस्टा लावू म्हटलं, तेव्हापासून अप्पा माझ्याशी धड बोलत नाहीत. मी परत जाऊ का?’ (वय 27)

परत जायचं आत्ता ठरवू नकोस, आणि अरेबिका उपटायचंही नको. मळ्यात काय लावायचं आणि मळा कोणाच्या शब्दाने चालायचा, ही दोन भांडणं तुमच्या घरात एकमेकांत अडकली आहेत. पहिल्यात अप्पांचं बरंचसं बरोबर आहे, दुसऱ्यात तुझं.

जूनमध्ये लावलेल्या रोपाला हाताशी येईल असं पीक धरायला तीन-चार वर्षं जातात. तोवर घर, मजुरी आणि अप्पांची औषधं 4 एकरांवर भागवावी लागतील. 2024-25 मध्ये रोबस्टाने विक्रमी भाव दाखवला म्हणून तुझी झाडं फळतील तेव्हाही तो असेलच, असं धरून चालता येत नाही. शिवाय पाण्याचा हिशेब कर. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोऱ्याचा पाऊस चुकला तर रोबस्टाला स्प्रिंकलरने इंच-दीड इंच पाणी द्यावं लागतं आणि पंधरा-वीस दिवसांनी बॅकिंगचं, म्हणजे धरलेलं फळ टिकावं म्हणून दुसरं पाणी. एका एकरावर एक इंच म्हणजे लाखभर लिटर. 7 एकरांच्या दोन पाळ्यांना किमान 14 लाख लिटर लागेल. मार्चमध्ये तुमच्या तळ्यात एवढं पाणी उरतं का?

बोररचं काम मात्र थांबवून चालणार नाही. त्याचे भुंगेरे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बाहेर पडतात, म्हणून मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये ओळीने एकेक झाड बघायचं. पानं पिवळी पडून मलूल झालेली दिसली की खाली वाकून खोडावरून बोट फिरव. सालीखाली उंचवट्याची वळी लागली तर आत अळी आहे. ते झाड मुळासकट काढून त्याच दिवशी जाळायचं. बरेच जण ही खोडं सरपणाला रचून ठेवतात आणि भुंगेरे त्या ढिगातूनच बाहेर पडतात. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते, म्हणून उरलेल्या झाडांची सुटी साल काथ्याने किंवा गोणपाटाने घासून काढ. कोयता लावू नकोस, हिरव्या सालीला इजा होते. मग 200 लिटर पाण्यात 20 किलो चुना कालवून खोडावर आणि जाड फांद्यांवर मार. सावलीही बघ. बोररला ऊन मानवतं, त्यामुळे सावलीचं झाड पडलेल्या मोकळ्या जागी तो हटकून वाढतो. तिथे पावसाळ्याच्या तोंडाला पांगाऱ्याचे खुंट लाव.

आता शब्दाचं. सगळा मळा मागू नकोस, सगळ्यात खराब दीड एकराचा ब्लॉक माग, पण पूर्ण माग. त्याचा खर्च वेगळ्या खात्यातून, त्याची चेरी, म्हणजे पिकलेलं कॉफीचं फळ, वेगळी मोजायची, आणि मुदत दोन हंगामांची. कॉफी एक वर्ष भरभरून येते आणि पुढच्या वर्षी हात आखडते, त्यामुळे एका हंगामाच्या आकड्यावरून तुझंही सिद्ध होणार नाही आणि अप्पांचंही. त्या ब्लॉकमध्ये अप्पांनी सल्ला द्यावा, हुकूम नको. बाहेरच्या साडेनऊ एकरांत तू हुकूम द्यायचा नाहीस. हे मेस्त्रीला सकाळच्या हजेरीला, सगळ्या मजुरांसमोर, अप्पांच्याच तोंडून कळायला हवं. तू सांगितलंस तर त्या बिचाऱ्याची दोन मालकांमध्ये ओढाताण होईल आणि तो जुन्या मालकाकडेच वळेल. त्यात त्याची काही चूक नाही.

बोलणं थांबलंय ना, मग पावसाच्या वहीपासून सुरुवात कर. तुमच्याकडे इंच आणि सेंटमध्ये (सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग) पाऊस लिहून ठेवायची रीत घरोघरी आहे. ती वही त्यांच्याकडून मागून घे आणि शेजारी बसून विचार: कुठल्या वर्षी फुलोऱ्याचा पाऊस हुकला, कुठल्या वादळात कुठली सावली गेली, बोरर आधी कुठल्या कोपऱ्यात दिसला. तुला खरोखर लागणारी माहिती तिथेच आहे. आणि जन्मभर जपलेली झाडं उपटू म्हणणाऱ्या मुलीने आधी ती कशी जगवली हे विचारावं, याची ते वाट बघत असतील असं मला वाटतं.

कागदांचं आईला बरोबर घेऊन बोल. पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, नाव कोणाचं आहे, भावंडं असतील तर त्यांचं काय ठरलंय, बँकेत सही कोणाची चालते. ‘सगळं तुझंच’ हा शब्द बँकेत चालत नाही. ऑपरेशननंतर हा विषय काढायला जीव धजत नाही, हे समजतं. तरी निदान मळ्याचं खातं दोघांच्या नावावर करून घे, म्हणजे अप्पा दवाखान्यात असताना मजुरी अडणार नाही.

बालेहोन्नूरचं कॉफी संशोधन केंद्र तुमच्याच जिल्ह्यात आहे. सप्टेंबरची पाहणी झाली की पोखरलेल्या खोडाचा तुकडा आणि त्या ब्लॉकची माती घेऊन जा, अप्पांना बरं असेल तर त्यांनाही ने. रिकाम्या झालेल्या जागी अरेबिकाचंच चंद्रगिरी वाण लावायचं की काही ओळींत रोबस्टा घालून बघायचा, हा प्रश्न तिथल्या माणसांसमोर दोघांनी मिळून विचारा.